गॅरेजात शेंगा

आमच्या शाळेत मुलं सगळे नियम मोडतात, एक सोडून. उशिरा येतात, हेल्मेट विसरतात, माझ्या पाठीमागे मला 'गंजका जॅक' म्हणतात. पण टरफलासकट शेंग कुणी गॅरेजात आणत नाही. शेंग आत आली की गाडी शर्यतीत भिंतीवर आदळलीच म्हणून समजा. का, ते विचारू नका. माझ्या बापाने मला सांगितलं नाही, मीही कुणाला सांगत नाही. उभा जन्म शर्यतीच्या गाड्यांची चाकं बदलली, आता इथे अमेरिकेत, शर्यतवाल्यांच्या मूर्सव्हिल गावात, पोरांना ती बदलायला शिकवतो. पण त्या बाबतीत मी अजून बापाचाच मुलगा आहे.

परीक्षेच्या दिवशी क्लाइड रीव्ह्ज आला. एकेकाळी आम्ही दोघं एकाच गाडीवर होतो. मी चाकांशीच राहिलो, तो मोठ्या संघाचा प्रमुख झाला. त्याला चाकं बदलणारं एक माणूस हवं होतं. एकच. माझ्या वर्गात त्या लायकीचे दोघे. एक ट्रॅव्हिस, ज्याचा हात झपाझप चालतो आणि तोंड त्याहून झपाझप. दुसरी डार्सी, जी सकाळी कोंबड्यांच्या कारखान्यात राबते आणि दुपारी माझ्या शिव्या खायला येते. ही जागा हुकली तर शाळा बंद आणि दिवसभर कोंबड्याच, हे तिनेच मला सांगितलं होतं.

क्लाइड आत आला, दोन पावलं चालला आणि हत्यारांच्या ट्रॉलीपाशी थबकला.

"वेंडल, हे काय आहे?"

ट्रॉलीवर माझ्या पान्यांच्या शेजारी एक भलंमोठं पातेलं होतं. त्यात काठोकाठ उकडलेल्या शेंगा, वाफाळत्या. सगळा वर्ग दोन पावलं मागे सरला. ट्रॅव्हिसने तर डोक्यावरची टोपी काढली, मयताला काढतात तशी.

"उकडलेल्या आहेत," मी म्हणालो. "उकडली की ती शेंग कसली, भाजीच झाली."

"टरफल आहे?"

"आहे."

"मग शेंगच. कोणी आणल्या?"

कोणी आणल्या ते मला चांगलं ठाऊक होतं. बाहेर डार्सीच्या आईचा, ओपलबाईंचा, निळा ट्रक उभा होता. बाई डोंगराकडच्या, शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही. पोरीची परीक्षा म्हणून शेंगा उकडून आणल्या आणि, आम्ही मागे टायर काढत होतो तेव्हा, आत कुणी दिसेना म्हणून मोकळ्या जागी ठेवून गेल्या. आता हे सांगितलं तर पोरीचं वाटोळं. मी सरळ ठोकून दिलं.

"झाडूवाल्याने ठेवल्या असतील. नवा आहे."

"झाडूवाल्याने नाही, कोच," डार्सी म्हणाली. चेहरा पांढराफटक. "माझ्या आईने आणल्यात. तिला हे माहीत नाही, कारण मी तिला कधी सांगितलंच नाही."

"बसा आता बोंबलत," ट्रॅव्हिस पुटपुटला.

क्लाइडने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी छताचं निरीक्षण करत होतो. "या छपराखाली मी आज कुणाचं काही बघणार नाही," असं म्हणून तो वळला.

मी धावत आडवा गेलो. "छपराखाली नको ना? मग उन्हात बघ!"

तो नको म्हणायच्या आत पोरांनी परीक्षेच्या गाडीला हात लावले होते.

"शेंगा आम्ही खाल्ल्या नाहीत," ट्रॅव्हिस कुरकुरला, "मग आम्ही का ढकलायचं?"

"ढकल रे गाढवा!"

गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत लागली. ट्रकमधून ओपलबाईंनी आम्हाला कौतुकाने हात हलवून दाखवला. त्यांना वाटलं, हे सगळं त्यांना नीट दिसावं म्हणून चाललंय.

ट्रॅव्हिसने चाक असं बदललं की माझंच मन भरून आलं. मग डार्सी. वेळ वाचावा म्हणून चाकावर आधीच गोंदाने चिकटवलेल्या पाच नटांपैकी एक सुटून घरंगळला. तिने कमरेच्या पट्ट्यातला जादा नट काढून बसवला, घट्ट केला, पण वेळ गेला तो गेलाच.

"पोरगी," क्लाइड म्हणाला.

"सर, मी तिच्यापेक्षा लवकर संपवलं!" ट्रॅव्हिस ओरडला.

"संपवलंस, आणि झकास संपवलंस. पण नट सैल राहिला तर गाडी सुटायच्या आत मला तो कळायला हवा. मघाशी मी विचारलं तेव्हा तुमची सगळ्यांची दातखीळ बसली होती. आणि हा तुमचा मास्तर! माझ्या तोंडावर खोटं बोलला." मी आता बूट न्याहाळायला घेतले. "वेग काय, मी शिकवीन तिला."

डार्सी सरळ ट्रकमध्ये जाऊन बसली आणि भोकाड पसरलं. ओपलबाई दार उघडून माझ्या अंगावर आल्या.

"काय केलंत हो माझ्या पोरीला?"

"नोकरी लागली तिला."

"मग रडते कशाला?"

मी शेंगांचं सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! म्हणजे माझ्या हाताने मीच... डार्सी, मी आता तुझ्या शर्यतीच्या आसपास फिरकायची नाही. शपथ."

डार्सीने बाहीला नाक पुसलं. "फिरकायचं. प्रत्येक शर्यतीला यायचं. सगळ्यांच्या घरची माणसं येतात आणि ओरडतात, माझं कुणी नको?"

"पण मला त्यातलं काही कळत नाही गं. ओरडू तरी काय?"

"माझं नाव ओरड," डार्सी म्हणाली. "तेवढं पुरे."