परातीतला फासा

इंद्रजीतनं अनितासमोर उभा केलेला पुठ्ठा ओढून घेतला, आडवा टाकला आणि त्यावरच मांडी घालून बसला.

"आता टाक फासा. समद्यांच्या डोळ्यांदेखत."

वरवंडला हायवेवर त्याचा ढाबा. त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. अनिता गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं तिच्यातली माणसं होणार, आणि जिवावर बेतलं की वीस बाजूंचा फासा निकाल देणार. मोठा आकडा तारायचा; एक आला की त्या माणसाचा खेळ खल्लास. फासा अनिताच टाकायची, पुठ्ठ्याआड, आणि आकडा तोंडानं सांगायची. दोन वर्षं कुणाची हरकत नव्हती. आज मात्र भर पुरात नाव कलंडली, इंद्रजीतचा शिलेदार पाण्यात पडला आणि त्याच नावेतली नागसेनची म्हातारी नावाडीण, तुळा, जागची हलली नाही.

"ह्याची म्हातारी दर बारीला वाचती, आन् माझा गडी मार खातो," इंद्रजीत म्हणाला. "तू वाचवतीस तिला."

"चोर म्हण की मग सरळ!"

"बैलगाडा शर्यतीच्या घाटात निशाण समद्यांम्होरं पडतं. पुठ्ठ्याआड न्हाई. आन् एकदा पडलं की पडलं, मग रडारड न्हाई."

अनितानं नागसेनकडे पाहिलं.

"चालंल तुला?"

नागसेन कंपनीत फिटर. चार शब्द बोलला तर तीन गिळायचा. त्यानं नुसती मान हलवली. तिसरी खेळणारी मोनाली खाली जाऊन कणकेची परात घेऊन आली.

अनिता पुढं सांगू लागली. शिलेदार गटांगळ्या खातोय, नावेची कड त्याच्या हातात येत नाही. नागसेन हळूच म्हणाला, "तुळा वाकती. त्याला वर वढती."

तुळाचा फासा परातीत खणखणला, गरगरला आणि थांबला. एक.

"परात हालली!" इंद्रजीतच ओरडला. "परत टाक."

"निशाण पडलं, इंद्रजीत." अनिताचे डोळे भरून आले होते. "व्हय, करत हुते लबाडी. तिच्यासाठी केली, तुझ्या गड्यासाठीबी केली. आता मला काय करता येतंय?"

इंद्रजीतला तोंड वर करवेना. मोनालीनं नागसेनच्या पाठीवर हात ठेवला, पण तो तिथं होताच कुठं? त्याची पाठ वाकली होती आणि दोन्ही मुठी हवेतच वल्ह्यावर वळल्या होत्या.

"अरं लेकरा, भिऊ नगंस," तो बोलला, आणि तो आवाज एका थकलेल्या, समाधानी बाईचा होता. "जलमभर या नदीनं मला पोसलं. आज तिनं मागितलं, तर न्हाई कशी म्हणू? तू वर आलास, माझी खेप झाली. पल्याड माणसं वाट बघत्यात. हे धर."

त्यानं मुठी पुढं केल्या.

मोनालीनं त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला. दिवसभर बोल्ट आवळणारा हा माणूस कुठं गेला आणि ही म्हातारी कुठून आली, बाई गं! खाली ट्रक हॉर्न देत होता, कुणीतरी चहाची ऑर्डर ओरडत होतं, पण माडीवर पाणीच पाणी झालं होतं.

दोन वर्षांत इंद्रजीत 'माझा गडी असं करतो' याच्यापुढं कधी गेला नव्हता. आता तो पुढं सरकला आणि नागसेनच्या हातातलं ते नसलेलं वल्हं त्यानं दोन्ही हातांनी धरलं. धरताना त्याचे दंड ताठले, एवढं ते जड होतं.

"दे, आई," तो म्हणाला.

मग अनितानं डोळे पुसले आणि परातीतला फासा उचलला.

"पूर वसरला न्हाई अजून. पल्याड जायचं तर आता तुझा फासा." ती जरा अडखळली. "पुठ्ठा दे. लावते."

इंद्रजीत पुठ्ठ्यावरून उठला नाही. त्याच्या मुठीही सुटल्या नाहीत.

"परातीतच टाक," तो म्हणाला. "पण तूच टाक. माझे हात मोकळे न्हाईत."