झडतीचा खेळ

"हात वर," चिंगी म्हणाली आणि ठोंब्याने दोन्ही हात वर केले.

बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा हे त्यांचं फाटक होतं. चिंगीला नुकतीच तीन वर्षं पूर्ण झाली होती आणि तिचा भाऊ ठोंब्या सोळा महिन्यांचा. तिने त्याच्या काखा चाचपल्या, चड्डीवरून हात फिरवला, मुठीतला बिस्किटाचा तुकडा जप्त केला आणि तिथल्या तिथे खाऊन टाकला. "जा," ती म्हणाली. ठोंब्या पलीकडे गेला आणि लगेच वळून पुन्हा हात वर करून उभा राहिला. बिस्किटाचं दुःख त्याला नव्हतं. त्याला काखेतल्या गुदगुल्या हव्या होत्या.

खुर्चीतून बघणाऱ्या आजोबांना झुबकेदार मिशांआड हसू आवरेना. हा खेळ त्यांनीच नातवंडांना शिकवला होता, कारण दुसरा कुठला त्यांना येत नव्हता. कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्षं त्यांनी सुटणाऱ्या कामगारांच्या झडत्या घेतल्या होत्या. डब्याच्या तळाशी तांब्याची तार, टोपीच्या अस्तरात बेअरिंगच्या गोळ्या, एकदा तर पायाच्या प्लास्टरमधून पितळी नळ काढला होता त्यांनी. नोकरी संपून सहा वर्षं झाली, तरी आजूबाजूचे लोक त्यांना गेटवालेच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे.

आज मात्र त्यांचं निम्मं लक्ष दारामागच्या खिळ्यावर होतं. तिथे मुलं सांभाळायला येणाऱ्या मावशींची कापडी पिशवी लटकत होती. ही पिशवी सकाळी येताना सपाट असे आणि संध्याकाळी जाताना फुगलेली. फुगलेल्या पिशवीमागे साधंसुधं कारण असू शकतं, यावर गेटवाल्यांचा विश्वास नव्हता.

मावशी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर घरातले सगळे डबे आणि त्यांची झाकणं यांचा पसारा.

"ह्याची टोपी कुठली गं?" त्यांनी मधला डबा पुढे केला.

चिंगीने एक झाकण दाबून पाहिलं. बसेना. दुसरं आत पडलं. मावशींनी हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. तिसरं झाकण टक्कन बसलं तेव्हा चिंगीने मान वर करून आधी मावशींकडे पाहिलं. मग दोघी पाण्याकडे वळल्या. ह्या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून ठोंब्याच्या पोटावर. वीस मिनिटं दोन पोरांपैकी एकाचाही रडण्याचा आवाज नाही. गेटवाल्यांना हेही खटकत होतं. ह्याला काय शिकवणं म्हणायचं? घरात बसून झाकणं लावायचे पैसे घेते ही बाई. आणि पोरं इतकी मुठीत ठेवणारं माणूस सरळ कसं असेल?

त्यात वस्तू जाऊ लागल्या होत्या. आधी त्यांचा करडा मोजा गेला, एकच. मग चिंगीच्या खेळण्यांतली तपकिरी लोकर. आणि मंगळवारी बायकोच्या निळ्या स्वेटरची दोन मोठी बटणं. बायको गेल्यावर स्वेटर कुणालातरी देऊन टाकला होता, बटणं मात्र त्यांनी कापून ठेवली होती. कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ती बटणं टेबलावरच्या बशीतून गेली तेव्हा त्यांनी टेबलाखाली, खुर्चीखाली दोनदा शोधलं.

बुधवारी मावशी मुलांना आंघोळ घालत असताना त्यांनी पिशवी काढली. वर मावशींची सकाळची शाल होती. म्हणजे पिशवी फुगायची ती उन्हं वाढल्यावर काढून ठेवलेल्या शालीमुळे. गेटवाले जरा खट्टू झाले. पण शालीखाली हात घातला आणि मोजा लागला. मोज्यात कागदाची पुडी, पुडीत दोन निळी बटणं.

त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं. माल जागेवर राहू द्यायचा, आठवडाभर साठू द्यायचा आणि शनिवारी माणूस फाटक ओलांडताना धरायचा, ही त्यांची पद्धत. पिशवीचे बंद बांधून ती खिळ्याला लावली, तोवर न्हाणीघरातून "नाक कुठंय? कान कुठंय?" चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी सून कामाला निघताना त्यांनी तिला दारात गाठलं.

"घरातल्या वस्तू बाहेर जाताहेत."

"कसल्या वस्तू?"

"ते धरल्यावर सांगेन."

सुनेने चपलेत घातलेला पाय बाहेर काढला. "बाबा, तुमचा मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. मावशी नसतील तर मला नोकरी सोडावी लागेल. पोरं तर त्यांच्याशिवाय घास घेत नाहीत."

"मग चोरी चालवून घ्यायची?"

"तसं कुठं म्हणतेय मी. चोरी असेल तर उद्यापासून बंद करेन त्यांना. पण नीट खात्री करा. माणसाच्या पोटावर पाय येतो."

"एकतीस वर्षं तेच केलंय मी," गेटवाले म्हणाले. मोज्याचं आणि बटणांचं त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. धरण्याआधी मालाचं नाव घेतलं की माल गायब होतो.

शनिवारी सून घरी आली आणि मावशींनी शाल घडी करून पिशवीत घातली. गेटवाले खुर्चीतून उठतच होते, तेवढ्यात चिंगी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली.

"मावशी, हात वर."

मावशींनी हात वर केले. गेटवाल्यांनी असे हजारो हात पाहिले होते, पण ती माणसं छताकडे नाहीतर जमिनीकडे बघत. मावशी सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. चिंगीचे हात मावशींच्या कमरेपर्यंतच पोचले. तिने तेवढंच चाचपलं.

"पिशवी उघड."

मावशींनी हात खाली घेतले, बंद सोडले, शाल बाजूला केली आणि करडा मोजा काढून चिंगीच्या हातावर ठेवला. तो आता मोजा राहिला नव्हता. त्याला तपकिरी लोकरीच्या झुबकेदार मिशा होत्या आणि दोन निळे डोळे.

"आजोबा," चिंगी म्हणाली.

ठोंब्याने तो ओढून घेतला आणि एक डोळा दातांत धरून जोर लावला. डोळा जागचा हलला नाही.

"बटणं बशीत सुटी पडली होती," मावशी सुनेला म्हणाल्या. "मंगळवारी ह्यानं एक तोंडात घातलं. मी बोट घालून काढलं. तेव्हाच म्हटलं, पक्की शिवून टाकावीत. पोरांपुढं सुई काढता येत नाही, म्हणून घरी न्यायची. आज द्यायचंच होतं. अचानक द्यावं म्हणून बोलले नाही, ते चुकलं माझं."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं.

"काका, पिशवी तुम्ही उघडलीत ते मला बुधवारीच कळलं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मी साधी सुरगाठ मारते. ती दुहेरी होती, टोक आत खोचलेलं. सोडवताना नख तुटलं माझं."

झडती झालेली पिशवी फाटकाबाहेर पडेपर्यंत पुन्हा उघडता येऊ नये म्हणून गेटवर ते प्रत्येकाच्या पिशवीला तीच गाठ मारत. हाताला सवय होती, डोक्याला पत्ताही लागला नव्हता.

"विचारलं असतंत तर दाखवली असती," मावशी म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. गेटवाल्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांना अतिशय लाज वाटत होती, पण एकतीस वर्षांत झडतीत काही न सापडल्यावर ते फक्त "पुढे" एवढंच म्हणत आले होते.

सोमवारी मावशी येतील की नाही, ह्या काळजीत ते सकाळपासून दाराशी होते. मावशी वेळेवर आल्या.

"नमस्कार, साहेब."

त्यांना साहेब म्हणत ते फक्त कामगार, आणि तेही हात वर असेपर्यंत. मावशींनी खिळ्याला पिशवी लावली. ती पारदर्शक प्लास्टिकची होती. आत रुमाल, कंगवा आणि औषधाच्या गोळ्यांची एक पट्टी. वर बंद नव्हते.

"तुमची ती कापडी..." गेटवाले म्हणाले. "तीच आणत जा. माझी चूक झाली."

"असू दे, साहेब. ही बरीय."

त्या डबे काढून खाली बसल्या. ठोंब्या त्यांच्या मांडीत जाऊन पडला. चिंगीने मोज्यात हात घातला, निळ्या डोळ्यांचे आजोबा मावशींच्या तोंडासमोर नाचवले आणि आवाज घोगरा करून म्हणाली, "हात वर."

एका हातात झाकण होतं, ते तसंच धरून मावशींनी दोन्ही हात वर केले.

गेटवाल्यांनी खुर्ची उचलली आणि खिळ्याकडे पाठ करून ठेवली. मग ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मागे झाकण बसल्याचा टक्कन आवाज आला तेव्हाही ते वळले नाहीत.