अर्धी वाट

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. माझ्या झाकणाची कडी केव्हाच तुटली, तिथे आता सुतळी बांधली आहे. निळा रंग उन्हाने इतका विटला की 'निळसर' म्हणणंही कौतुकाचंच होईल. दूरच्या एका कारखान्यात माझ्या दोन भिंतींमध्ये फेस ओतला, तो घट्ट झाला आणि मला आत गारवा धरून ठेवता येऊ लागला. बाहेर माळ तापून फुटायची वेळ येवो, माझ्या पोटात ठेवलेल्या, तपासायच्या रक्ताच्या नळ्या थंडगार राहतात. एवढंच माझं काम.

माझी मालकीण डॉक्टर नियेले कुलिबाली, बामाको या राजधानीच्या शहरातली. मी तिच्या हाती आले तेव्हा ती नुकतीच डॉक्टर झाली होती. दक्षिणेकडच्या गावांत तेव्हा एका तापाने माणसं दगावत होती. सगळे म्हणायचे, हिवताप. पण हिवतापाचं औषध देऊनही काही रोगी हिरड्यांतून रक्त येऊन जात. "हा हिवताप नव्हे," नियेले म्हणायची. मोठे डॉक्टर हसायचे. "नव्हे ना? मग काय आहे ते तूच शोधून आण!" तिने मला खांद्याला अडकवलं आणि निघाली.

सोरोबुगू गावात आम्ही शिरलो ते डुसू केइताच्या अंगणात. डुसू म्हणजे थोराड हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. उखळात ज्वारी कांडता कांडताच तिने विचारलं, "कुठली गं तू? आडनाव काय?"

"बामाकोची. कुलिबाली."

डुसूने मुसळ टाकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, चवळीखाऊ! पोरींनो, चवळीची मडकी लपवा आधी!"

सगळं अंगण हसलं. नियेलेही मागे हटणारी नव्हती. "मला वेशीवरच वास आला, आई, इथे कुणीतरी केइता राहते म्हणून. म्हटलं, आपली चाकरमंडळी बरी आहेत का, बघून यावं."

कुलिबाली आणि केइता ही आडनावं एकमेकांची थट्टेकरी आहेत, मित्रांनो. भेटलं की चवळीखाऊ, चाकर असा टोमणा मारायचाच, आणि त्याचा राग धरायचा नाही. टोमणा मारला म्हणजे आपलं मानलं.

रक्त द्यायला मात्र कुणी पुढे येईना. रक्त शहरात नेऊन विकतात, अशी कुजबुज होती. शेवटी डुसूनेच बाही वर केली. "घे. पण एक सांगून ठेवते, चवळीखाऊ. माझं रक्त तुझ्याशी काय बोललं ते मला येऊन सांगायचं. माझ्या माघारी त्याने बोललेलं मला चालणार नाही."

"सांगेन आई. अल्लाशपथ."

डुसूच्या मागून गाव आलं आणि मी भरले. तिथे पाहुणा नुसता उठून चालू लागत नाही, तो यजमानाकडे वाट मागतो. नियेले म्हणाली, "आई, आता आम्हाला वाट दे."

"देते, पण अर्धीच. उरलेली माझ्याकडे राहिली. ती न्यायला तुला परत यावं लागेल."

त्या नळ्यांनी खरंच सांगितलं. ताप उंदरांकडून येत होता, धान्यात वावरणाऱ्या घरच्या उंदरांकडून. नियेलेचं नाव झालं. परदेशी सभा झाल्या, टाळ्या झाल्या, बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात तिच्या शेजारी माझाही फोटो आला. मोठी प्रयोगशाळा मिळाली, विद्यार्थी आले. मग पटकीची साथ, मग मेंदूज्वराची. एक साथ सरली की दुसरी दारात उभी. मी भरून यायची, रिकामी व्हायची, धुऊन उन्हात पालथी पडायची.

आणि सोरोबुगू? "पुढच्या कोरड्या दिवसांत नक्की," असं नियेले गाडीवाल्या सियाकाला सांगायची. बिचारा गाडी धुऊन तयार ठेवायचा. मग कुठलं तरी बोलावणं यायचं, नाहीतर तिच्याच तान्ह्याला ताप भरायचा, नाहीतर वाटेतला पूल वाहून गेलेला असायचा. सगळी कारणं खरी होती बरं का. म्हणूनच तर ती इतकी सोयीची होती.

एकदा सियाका म्हणाला, "डॉक्टरबाई, त्या म्हातारीकडे ठेवलेल्या आपल्या अर्ध्या वाटेवर आता गवत उगवलं असेल." नियेले हसली. पुढच्या वर्षी तो पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा ती हसली नाही. त्यानंतर सियाकाने विषय काढला नाही.

मला पाय नाहीत, मित्रांनो. पण ज्या गावातून आपण भरून आलो, तिथे परतून काहीच नेलं नाही, हे मलाही आतून टोचत असे.

मग एके दिवशी तिकडच्याच एका दवाखान्यातून मी नळ्या घेऊन आले. नियेलेने सवयीने झाकण उघडलं आणि एका नळीवरची चिठ्ठी वाचली. फिली दुम्बिया, वय सात, सोरोबुगू. तिने ते रक्त स्वतः तपासलं. तोच ताप. तिने तडक फोन लावला.

"मुलगी कशी आहे?"

"डॉक्टर, ती तर गुरुवारीच गेली," पलीकडची नर्स म्हणाली. "पोरांनी शेतात उंदीर धरून भाजून खाल्ले होते. डुसू केइताची नात हो ती. म्हातारी बोलेनाशी झालीय."

नियेले हातमोजे न काढताच माझ्या झाकणावर हात ठेवून बसली. "एका वाक्याचं काम होतं," ती म्हणाली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला धुऊन रिकामीच बरोबर घेतलं. ज्या पेटीतून रक्त नेलं, ती घेऊनच जायचं, असं काहीसं तिच्या मनात असावं. 

अंगण तेच होतं. डुसू वाकली होती, केस पांढरे झाले होते. तिने आधी मला ओळखलं, मग नियेलेला.

"आई, मी आले. कुलिबाली." एवढं बोलून नियेले थांबली. ती टोमण्याची वाट बघत होती.

"या डॉक्टर," डुसू म्हणाली. "बसा. प्रवास बरा झाला ना? घरची मंडळी बरी आहेत?"

चवळीचं नाव नाही. कुणी हसलं नाही. आयुष्यभर मी बर्फ वाहिला आहे, पण तसा गारठा माझ्या पोटात कधी शिरला नव्हता.

नियेले स्टुलावर बसली नाही, खाली जमिनीवर बसली. "आई, तुझं रक्त बोललं होतं. हा ताप उंदरांचा आहे. उघड्या धान्यात उंदीर मुततात, त्यातून येतो. उंदीर हाताळल्याने, खाल्ल्याने येतो."

डुसूने विचारलं, "केव्हा बोललं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कळायला कोण होतं तिथे! नियेलेने मान खाली घातली. "फिली जन्मायच्या आधी."



"म्हणजे जगाला कळलं होतं."

"हो आई."

"आणि मला नाही."

"नाही."

 डुसू गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिचा तो जुना मोठा आवाज अंगणभर घुमला. "अगं बायांनो! हातातलं टाका आणि इकडे या. पोरांनाही आणा, आधी पोरांना! ही काय सांगते ते ऐका."

त्या दिवशी नियेले अंगणाअंगणात फिरली. मडकी झाका, उंदीर पकडू नका, ताप आला तर थांबू नका. सांगून सांगून तिचा घसा बसला. डुसू काठी टेकत पुढे चालत होती, आणि जो लक्ष देत नव्हता त्याला काठीने ढोसत होती.

उन्हं उतरली तेव्हा नियेले हळूच म्हणाली, "आई, वाट दे."

"पूर्ण देणार होते तुला," डुसू म्हणाली. "सगळी घे आणि परत तोंड दाखवू नकोस, असं सकाळी मनात होतं माझ्या." तिने चवळीच्या मडक्यावरचं झाकण काढलं. "पण मग इथून पुढे रक्त काय बोलतं ते मला कोण सांगणार? अर्धी देते. आणि ही पेटी रिकामी नेऊ नकोस."

तिने ओंजळभर चवळी माझ्यात ओतली. माझ्यात खायचं काही ठेवू नये असा कडक नियम आहे. नियेलेने वर माझं झाकण लावलं आणि सुतळी आवळली.

"चवळीखाऊ," डुसू म्हणाली. हसली मात्र नाही. नियेले गाडीत बसून रडली आणि सियाकाने बामाको येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आता माझी जागा नव्या पेट्यांनी घेतली आहे. नियेलेचे विद्यार्थी त्या घेऊन गावोगाव जातात. कुणी रक्त आणलं की ती पहिल्यांदा विचारते, "सांगायला परत कधी जाणार?" ती स्वतः दर कोरड्या दिवसांत सोरोबुगूला जाते. डुसू अजून अर्धीच वाट देते. फिलीचं नाव दोघीही काढत नाहीत, पण तिच्याएवढी मुलगी अंगणातून धावत गेली की दोघींचं बोलणं तुटतं.

माझ्या तळाच्या खाचेत चवळीचा एक दाणा अडकून राहिला आहे. एखादा नवा विद्यार्थी तो टोकरून काढायला जातो. "राहू दे," नियेले म्हणते. "तो माझा आहे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. पण कुणी विश्वासाने तुम्हाला काही दिलं असेल, तर त्याचं पुढे काय झालं ते त्याला जाऊन सांगा. टाळ्या मिळायच्या आधी सांगा. आणि आईने "पोचलास की सांग हं" म्हटलं असेल, तर ते आजच सांगा. ती अर्धी वाट हातात धरून बसली असेल.