गिल्मेतचा नकार

फ्रान्समधल्या रूआँ गावच्या रंगारी आळीत गिल्मेतचे हात कोपरापर्यंत निळे असत. नवरा गेल्यापासून रंगाचे हौद, भट्टी, गडी सगळं तीच सांभाळी, आणि ते तिच्याच नावावर होतं. पण ती विधवा होती तोवरच. पुन्हा लग्न केलं की कारभार नव्या नवऱ्याच्या हाती जाणार, हे आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

आणि तिचा तर तूसाँवर जीव जडला होता. सेन नदीवरून नीळ आणणारा हा नावाडी बोलायला कमी, हसायला मोकळा. त्यानं लग्नाचं विचारलं, तेव्हा विचार करून सांगते म्हणून तिनं वेळ मागून घेतला.

तेवढ्यात गावात नाटक मंडळी आली. चेंडू खेळायच्या मोठ्या दालनात दुपारचा खेळ लागला. नाटकात एक तरुण विधवा होती आणि तिच्यासाठी झुरणारा एक सरदार. शेवटी विधवा एकटीच पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण मी माझीच राहणार."

आपल्याच पोटातलं कुणीतरी बोलून गेलं, असं गिल्मेतला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तूसाँला तेच शब्द ऐकवले. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला, मग ती डोक्यावर घालून निघून गेला. तिला आधी अगदी हलकं वाटलं. जेवायला बसली, तर घास उतरेना.

असं बोलल्यावर ती नाटकातली बाई पुढं जगते कशी, हे तरी विचारावं, म्हणून ती मंडळी उतरली होती त्या खाणावळीत गेली. विधवेचं काम करणारी उर्स्यूल गरम पाण्यात पाय सोडून कांद्याचं सूप पीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो बाई, मूळ नाटकात ती लग्नच करते. काल आमचा सरदार शिळे शिंपले खाऊन पडद्यामागं ओकत होता. मी एकटी कुणाशी लग्न लावणार? तोंडाला आलं ते बोलले."

"पण ते तुमच्या मनातलं होतं का?"

उर्स्यूलनं चमच्यानं सूप ढवळलं. "माझा नवरा याच नाटकात नोकराची भूमिका करतो. कालपासून तोही हेच विचारतोय. मला सांगता येत नाहीये."

गिल्मेत बाहेर पडली ती पुरती गोंधळून. तो नकार तिचा, उर्स्यूलचा की शिळ्या शिंपल्यांचा? सकाळचं हलकं वाटणं खरं होतं. घास न उतरणंही खरंच होतं.

ती तशीच नदीच्या धक्क्यावर गेली आणि तूसाँला शिंपल्यांसकट सगळं सांगून बसली. तो हसला, मग हसायचा थांबला.

"मग आता तुझं काय म्हणणं?"

"मला कळत नाही रे. हो म्हणावं तर भीती वाटते, नाही म्हणावं तर जेवण जात नाही."

"तुझ्या हौदांना मी बोटसुद्धा लावणार नाही."

"तू नाही लावणार. पण कायदा तुला विचारून चालत नाही ना."

येत जाऊ की नको, एवढंच त्यानं विचारलं. ये, पण लग्नाचं विचारू नकोस, असं ती म्हणाली.

तो हिवाळाभर येत राहिला. शेजारणी कुजबुजल्या, पाद्र्यानं तिला बोलावून समज दिली. एखाद्या सकाळी ती आज होच म्हणायचं ठरवून उठे. मग गडी येऊन कोणतं कापड आधी बुडवायचं म्हणून विचारत, ती सांगत सुटे आणि दिवस निघून जाई. तूसाँची नाव लांब गेली, की धक्क्यावर उभं राहून तिला स्वतःचाच राग येई, आणि तो नेमका कशाबद्दल, हे तिला सांगता येत नसे.