लाहिरीबाबूंची उजवी बाही

क्षितींद्र लाहिरी सकाळी सातला गेले. आठ वाजता बागबाजारच्या आमच्या गल्लीत एकच प्रश्न उरला होता: नकुड धोबी येईल का?

लाहिरीबाबू जन्मभर शांतीपूरच्या हातमागाचं धोतर आणि झिरझिरीत सुती पंजाबी घालत आले. पंजाबी म्हणजे आमचा सदरा; त्यात पंजाबचा काही हात नाही. त्याच्या बाह्यांवर चुण्या पाडायचं काम नकुडचं. खळ घातलेली बाही किंचित ओली करायची आणि गारंबीच्या गुळगुळीत बीनं दाबत दाबत बारीक चुण्या उठवायच्या. उत्तर कोलकात्यात असा हात दुसरा नाही, असं नकुड स्वतःच सांगे. लाहिरीबाबूंनाही ते मान्य होतं, म्हणून ते चुणीन् चुणी तपासून घेत.

अकरा वर्षांपूर्वी, दुर्गापूजेच्या अष्टमीच्या सकाळी, भर मंडपात त्यांनी उजवा हात पुढे केला. "नकुड, ही तिसरी चुणी बघ. ढोसून आलीय का रे ही?"

सगळा मंडप हसला. देवी तेवढी हसली नाही.

नकुड म्हणाला, "बाबू, दोष दाखवायला हा हात उचलेनासा होईल ना तुमचा, तेव्हाच तुमच्या बाहीला हात लावीन."

तेव्हापासून लाहिरीबाबू सपाट बाह्यांनी हिंडले. दुसरा धोबी काही त्यांनी केला नाही.

आता त्यांची मुलगी पूरबी नकुडच्या दारात उभी राहिली. सोबत मी. नकुड चहा पीत होता.

"काका, बाबांना असं सपाट बाहीनं नेऊ देणार तुम्ही?"

"शपथ घेतलीय मी, पोरी."

"हात उचलेनासा होईल तेव्हा येईन, हीच ना शपथ?"

नकुडनं कप खाली ठेवला. मग उठून त्यानं फडताळातून बी काढली.

लाहिरीबाबूंच्या उशाशी फळी टाकून, तिच्यावर त्यांची पंजाबी पसरून तो कामाला बसला. डाव्या बाहीलाच पाऊण तास गेला.

"नकुड, आटप," भटजी म्हणाले. "गाडी खोळंबलीय."

"ठाकूरमशाय, मधल्या चुण्या गाळायला मी काय मंत्र म्हणतोय?"

भटजी मधले मंत्र गाळतात, हे गल्लीला ठाऊक होतं.

उजवी बाही पुरी झाली, तेव्हा मला दिसलं: तिसरी चुणी वाकडी होती. नकुडचा हात चुकत नाही. त्यानं ती बाही लाहिरीबाबूंच्या मिटल्या डोळ्यांसमोर धरली.

"बाबू, तिसरी बघा."

नकुडनं बाही आणखी जवळ नेली.

"बघा की. एवढी मोठी चूक आहे. अहो, बोला ना काहीतरी. शिवी तरी हासडा."

लाहिरीबाबूंचा उजवा हात छातीवर होता, तिथेच राहिला.

नकुडनं ओंजळभर पाणी शिंपडलं. तळहातानं बाही पार सपाट केली, आणि पहिल्या चुणीपासून पुन्हा सुरुवात केली.

गाडी आणखी पाऊण तास थांबली. या वेळी भटजी काही बोलले नाहीत.