हिरव्या खणाची चोळी

त्या वर्षी अहमदपुरात यायला हवा होता पाऊस, आला नवा जिल्हा. श्रावण लागला तरी आभाळ कोरडं ठक्क होतं. टँकर आला की गल्लीत घागरींची झुंबड उडायची, आणि तिकडे बाजारपेठेत रंगारी शिडी लावून दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहीत होता. लोकही मोठे गमतीचे. घसे सुकलेले, पण शिडीखाली उभं राहून रंगाऱ्याला शुद्धलेखन शिकवायची हौस काही सुकली नव्हती.

केवळाबाईंना मात्र या जिल्ह्याचा मनापासून राग होता. कारण त्यांची नणंद नागाबाई लातूरला राहायची. नागाबाईंनी काही म्हणजे काही केलं नव्हतं. त्या आपल्या घरात बसून होत्या आणि जिल्हा त्यांच्या उंबऱ्यापाशी चालत आला. तेव्हापासून त्यांचे निरोपसुद्धा सरकारी थाटाचे येऊ लागले होते. आताही निरोप आला होता की सोमवारी आम्ही येतोय, म्हणजे जिल्ह्याहून तालुक्याला.

"येऊ द्या," केवळाबाई म्हणाल्या. "दुष्काळ गावात हाय, माझ्या घरात न्हाई, हे दिसलं पायजे."

आता हे दाखवायचं कसं? घरातल्या चोळ्यांकडे पाहिलं तर दुष्काळ पार काखेत शिरलेला. एकूणएक चोळी बगलेत उसवलेली. चंद्रप्पाचं भुसाराचं दुकान उघडं असून बंद असल्यासारखं, केवळाबाईंचे मालक बाराही महिने शेतावर, त्यामुळे यंदा कापडाच्या दुकानाची पायरी चढायची नाही असं आईनं आणि मुलानं मिळून ठरवलं होतं. अशा अडचणीत केवळाबाईंची नजर सोप्यातल्या हातमशीनवर गेली.

मशीन होती उमाबाईची. उमाबाई म्हणजे चंद्रप्पाची बायको, उदगीरची, उन्हाळ्यातच लग्न होऊन आलेली. तिच्या आईनं पोरीबरोबर भांडी कमी दिली पण ही मशीन दिली. सोप्यात ती आली आणि केवळाबाईंची पानाचा डबा घेऊन बसायची जागा गेली. तेव्हापासून सासूबाई मशीनकडे सवतीकडे पाहावं तसं पाहत होत्या.

"हे बघ उमा," त्या म्हणाल्या, "ट्रंकेत खण पडलेत. त्यातला घे आन मला एक चोळी शिव. अंगाला बसली तर तुझी मशीन ऱ्हाईल सोप्यात. न्हाई बसली तर चंदू तिला माळ्यावर टाकंल. उंदरांची कापडं शिव म्हनावं."

या घरात उमाबाईला अजून कुणाशी धड बोलता येत नव्हतं. चंद्रप्पा चांगला होता, पण आईसमोर तो पिंपातल्या धान्यासारखा गप्प असायचा. दुपारी ती मशीनचा दांडा फिरवायची, खटखट खटखट आवाज व्हायचा, आणि तेवढा वेळ तिला आपण उदगीरलाच आहोत असं वाटायचं. मशीन माळ्यावर गेली की आपलंही इथलं मन उडालंच, हे तिला स्वच्छ कळत होतं.

"बसंल, आत्याबाई," ती म्हणाली. "माप घेऊ का?"

"माप कशाला? मापाची चोळी देते की."

मापाची चोळी प्रत्येक बाईकडे असते, आणि ती त्या बाईच्या बारीकपणाची असते. केवळाबाईंनी दिलेल्या चोळीत त्यांचा एक दंडही मावला नसता. उमाबाईनं ती मान डोलवून घेतली, बाजूला ठेवली, आणि सासूबाई भाकरी थापायला बसल्या की मागून डोळ्यांनीच माप घेऊ लागली. भाकरी थापताना दंड केवढा होतो, परात उचलताना पाठ किती ताणते, सगळं तिनं मनात टिपून घेतलं.

मग ती कामाला लागली तेव्हा तिला कसला उत्साह चढला म्हणता! रद्दी पेपरचा तिनं आधी चोळीचा बेत, म्हणजे नमुना, कापला. खडू नव्हता तर अंघोळीच्या साबणाचा पातळ तुकडा घेतला. त्याची रेघ खडूपेक्षा बारीक येते आणि धुतली की जाते. पिठाच्या पोत्याची शिवण बरोबर टोकाला धरून ओढली की सर्रकन सगळा दोरा हाती येतो, तो झाला कच्च्या टाक्याला. अस्तराला चंद्रप्पाचं विरलेलं धोतर निघालं. हूक जुन्या चोळ्यांचे काढले. पैसा म्हणाल तर एक लागला नाही.

राहिला खण. ट्रंक उघडली तर वर-खाली खणच खण! पातळ, पिवळट, कडक इस्त्रीचे. त्यात एक खण मात्र नजर ठरू नये असा होता. गर्द हिरवा, जुन्या काळच्या घट्ट विणीचा, लाल काठाचा. काठात एके ठिकाणी लाल धागा तुटून हिरवा शिरला होता, दात पडावा तशी फट दिसायची. उमाबाईनं तो गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, असला खण कुणी पेटीत ठेवतं का?

इथे तिची चूक झाली. पण चूक तिची म्हणावी तर तिच्या माहेरी मशीन होती. तिथे ओटीत खण आला की आठवड्यात त्याची चोळी व्हायची. बाकीच्या जगात खण शिवत नसतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकीच्या जगात खण ओटीत येतो, ट्रंकेत जातो, पुढच्या सवाष्णीच्या ओटीत पडतो आणि तिच्या ट्रंकेतून निघून तिसरीच्या. तो इतका तोकडा असतो की मध्यम बांध्याच्या बाईलाही पुरत नाही, म्हणून कुणी शिवायच्या फंदात पडत नाही. नियम एकच पाळायचा असतो. जिनं दिला तिला परत द्यायचा नाही.

उमाबाईनं कात्री चालवली. हिरवा खण केवळाबाईंना पुरेना, तेव्हा दुसऱ्या पिवळ्या खणाच्या कळ्या, म्हणजे तिकोनी जोड, कापून दोन्ही बगलांत घातल्या. काठ कमी पडला म्हणून फटीचा तुकडाही वाया न घालवता बाहीवर लावला. रविवारी सकाळी चोळी तयार झाली, आणि तिनं ती दोन्ही हातांवर घेऊन सासूबाईंपुढे धरली.

केवळाबाईंनी चोळी पाहिली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अगं माय! ह्यो कापलास? ह्यो शिवायचा न्हाई गं, द्यायचा असतो!"

"पण आत्याबाई, तुमीच म्हनलात, ट्रंकेतला घे…"

"खण घे म्हनले. ह्यो घे म्हनले का? वन्संची ओटी भरायला ठिवला होता मी त्यो! उद्या त्या येऊन राहिल्या, आता काय ते पिवळं फडकं घालू त्यांच्या ओटीत? चंदू! ए चंदू! शिडी आन!"

चंद्रप्पानं शिडी आणली. बिचारा बायकोकडे न पाहता मशीन उचलायला वाकला. उमाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

केवळाबाई मात्र चोळी घेऊन दाराआड गेल्या. किती वाटोळं झालंय ते घालून बघते, म्हणाल्या. आतून वरच्या फळीवरचा पापडांचा डबा खाली काढल्याचा आवाज आला. हा डबा केवळाबाईंनी वर्षानुवर्षं स्वतः काढला नव्हता. हात वर केला की चोळी उसवायची. मग डबा वर ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा खाली. उमाबाई दाराला कान लावून उभी होती आणि रडता रडता तिला हसू फुटत होतं.

केवळाबाई बाहेर आल्या त्या चोळी घालूनच. चेहरा मात्र रागाचाच ठेवला होता. त्या चोळी उतरवायला आत जाणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"शरणार्थ, वहिनी! जिल्ह्याहून एस्टीला जागा मिळाली, म्हनून आजच आले बघा!"

दारात नागाबाई. कपाळाला विभूती, हातात पिशवी, तोंडावर साक्षात जिल्हा. केवळाबाईंना पदर ओढायलाही वेळ मिळाला नाही. नागाबाईंची नजर गेली ती थेट बाहीवर, काठातल्या फटीवर. पिशवी त्यांच्या हातून गळून पडली.

"वहिनी! ह्यो खण… मी दिल्ता की हो तुमाला! संक्रांतीला! किती वर्सं झाली! आन तुमी त्यो जपून ठिवलात, आन मी येनार म्हनून शिवून घातलात?" नागाबाईंनी वहिनींना मिठी मारली आणि हुंदकाच दिला. "मला वाटलं तुमी त्यो कवाच कुनाच्या तरी ओटीत घातला असंल."

केवळाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नणंदेच्या खांद्यावरून त्यांनी सुनेकडे पाहिलं. खण शिवला नसता तर उद्या तो नागाबाईंच्याच ओटीत पडला असता! दिलेला खण देणारीलाच परत! असला अपमान लातुरापासून उदगिरापर्यंत गाजला असता. केवळाबाईंना दरदरून घाम फुटला, पण पिवळ्या कळ्यांनी तो झाकून घेतला.

सगळं इथेच गोडीगुलाबीनं मिटलं असतं. पण नागाबाई आल्याचं पाहून शेजारच्या नीलाबाई आणि त्यांच्या मागोमाग गल्लीतलीच गुरम्मा घरात शिरल्या, आणि शिरताक्षणी नीलाबाई किंचाळल्या.

"केवळाबाई! ह्यो तर मी ह्या गुरम्माला दिलेला खण! तुमच्या अंगावर कसा?"

"मीच दिला की त्यांना, चंद्रप्पाच्या लग्नात," गुरम्मा बोलून गेली आणि जीभ चावत राहिली.

"आन तुमच्याकडं कुठून आला वो, नीलाबाई?" नागाबाईंनी मिठी हळूहळू सोडत विचारलं.

नीलाबाईंनी नुसतं केवळाबाईंकडे बोट केलं.

चंद्रप्पा मशीन खांद्यावर घेऊन शिडीच्या मध्यावर होता. वर जावं की खाली यावं ते त्याला कळेना, म्हणून तो तिथेच थांबला. केवळाबाई जमिनीकडे पाहत होत्या. उमाबाईला वाटलं, संपलं. आता नागाबाई तरातरा निघून जाणार आणि हे खापर जन्मभर आपल्या माथ्यावर राहणार. ती धीर करून पुढे झाली.

"माझी चूक हाय, आत्या. मला ठावं नव्हतं. आमच्याकडं खण शिवत्यात."

नागाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग बाहीवरच्या फटीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. उमाबाईला वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या.

"अगं, मी तरी कुठं इकत घेतला होता! देगलूरच्या विहीनबाईनं दिल्ता मला! तिनं पन घेतला नसंल!"

मग जे हसू सुटलं ते कुणाला आवरेना. गुरम्मा भिंतीला टेकून खाली घसरली. नीलाबाईंना ठसका लागला, आणि त्यांच्यासाठी दुष्काळातलं तांब्याभर पाणी आणलं तर ते हसण्यातच सांडलं. देगलूरच्या बाईला कुणी दिला असेल, तिला कुणी, असं मागं मागं जाता जाता हा खण कुणी विकत घेतलाच नसावा, तो ओटीतच जन्मला असावा, असं सर्वानुमते ठरलं. चंद्रप्पासुद्धा शिडीवर हसू लागला, आणि शिडी मशीनसकट हलू लागली.

हसून हसून केवळाबाई डोळे पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या.

"किती जनींनी माझी ओटी भरली गं," त्या म्हणाल्या. "पन अंगाला एकबी लागली न्हाई. ही पहिली."

नागाबाईंनी मग बाही चिमटीत धरून पाहिली, आतलं अस्तर पाहिलं, कळी उलटी करून टिपा पाहिल्या. त्या उठल्या आणि उमाबाईला त्यांनी आपल्याजवळ ओढलं.

"वहिनी, तुमी तर मशीन माळ्यावर टाकून राहिलात. त्यापरास ही पोर आन मशीन दोन्ही द्या माझ्यासंगं. आता लातुरात सायबलोक येऊन राहिले, त्यांच्या बायका येऊन राहिल्या. ही पोर तिथं राज्य करंल. माझं घर मोठं हाय. येतीस का गं?"

उमाबाईची मशीन वाचत होती. जिथं तिची किंमत होईल तिथं ती निघाली होती. उमाबाईच्या तोंडातून हो निघायला काही वेळ लागला नसता. तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

केवळाबाई उभ्या राहिल्या होत्या. हिरव्या चोळीतले त्यांचे दोन्ही हात कमरेवर होते आणि चोळी कुठेही ताणत नव्हती.

"मशीन न्या," त्या म्हणाल्या. "पोर न्हाई देनार मी."

असं बोलून त्या स्वतःच दचकल्या. उमाबाई तर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. या घरात आल्यापासून आपण मशीनसाठी जीव टाकत होतो, आणि इथे कुणी आपल्यासाठी मशीन द्यायला निघालंय, हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर लागला.

"आन मशीन तरी का न्या म्हनावं?" केवळाबाई आता ओरडल्या. "ती काय माझी हाय द्यायला? चंदू, मुडद्या, तिथं काय लोंबकळून राहिलास? उतर खाली! हळू! तिचा दांडा सांभाळ! ठिव तिथंच, सोप्यात!"

चंद्रप्पा उतरला. मशीन जागेवर आली. नीलाबाई आणि गुरम्मा आपापल्या ट्रंका उघडायला घरी पळाल्या होत्या, आणि नागाबाई पदर सावरून, हात दोन्हीकडे पसरून मशीनसमोर उभ्या राहिल्या. उमाबाई टेप शोधायला गेली, तर डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला तो समोर असून दिसेना. शेवटी केवळाबाईंनीच तो उचलून तिच्या हातात दिला.