हौश्याचा घाणा

मित्रांनो, मला जुना म्हणा, मोडका म्हणा, मी रागावणार नाही. मी औंधजवळच्या एका वाडीतला लाकडी तेलघाणा आहे. चिंचेच्या खोडाचं माझं उखळ आणि त्यात फिरणारी बाभळीची जाड लाट. सुताराने मला घडवलं तेव्हा अर्जुना तेल्याच्या आजोबांनी मला हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हापासून माझी ऐट काही विचारू नका! करडई असो की शेंगा, आसपासच्या वाड्यांना माझ्याशिवाय फोडणी ठाऊक नव्हती.

लाट ओढायचा हौश्या बैल. डोळ्यांना झापड बांधायची आणि दिवसभर माझ्याभोवती फिरायचं, हाच त्याचा जन्म. सोमवारी मात्र दोघांनाही सुट्टी, असा अर्जुनाच्या घरचा नेम होता. बहात्तरच्या दुष्काळात वैरण मिळेना, तेव्हा साठवलेल्या पेंडीवर हौश्या तगला. ती पेंड माझीच होती.

मग वाडीत वीज आली आणि विजेमागून तेलाची गिरणी. तिचं तेल पाण्यासारखं स्वच्छ, वासाचं नाव नाही. लोक म्हणू लागले, घाण्याच्या तेलाला वास येतो. अहो, त्याच वासावर यांचे आजे-पणजे दोन घास जास्त जेवले! मला फार लागलं. पण खरं सांगू? गिरणी तासाभरात काढायची तेवढं तेल काढायला आम्हाला अख्खा दिवस लागायचा. अर्जुना शहाणा. त्याने गिरणीच्याच तेलाचे डबे आणून विकायला सुरुवात केली आणि त्याची चूल पेटती राहिली.

प्रश्न उरला हौश्याचा. घाणा बंद म्हणजे पेंड बंद, आणि अर्जुनाला तर बोटभरही रान नव्हतं. बाजारात म्हाताऱ्या बैलाला कोण घेतं, ते तुम्हाला सांगायला नको.

शेजारच्या कोंडीबाने त्याला आपल्या बैलाच्या जोडीला कुळवाला जुंपायला नेलं. दुपारीच परत आणून दारात उभा केला.

"अर्जुना, ह्यो बैल न्हाई गड्या, भिंगरी हाय! सरळ चालंनाच. माज्या बैलालाबी वडून गोल फिरवतोय. निम्मं रान वाकडं झालं!"

अर्जुना आधी हसला. मग माझ्या कडेला येऊन बसला आणि म्हणाला, "आता बाजारच दावाय लागंल."

त्याची बायको अंजना ताडकन म्हणाली, "दावा की! मलाबी न्या संगट!" पण लगेच थांबली आणि कोंडीबाकडे वळली. "आवं भावजी, मळणीला खळ्यावर बैल कसं फिरत्यात? सरळ?"

कोंडीबाने कपाळावर हात मारला.

मळणीचे दिवस आले तसं कोंडीबाने आमच्या दारासमोरच्या आपल्या खळ्यावर ज्वारीची कणसं पसरली. मधल्या खांबाला हौश्याला बांधलं, झापड काढली, आणि तो उभाच राहिला. उघड्या डोळ्यांनी फिरायची त्याला सवयच नव्हती. कोंडीबाने हाकललं, अर्जुनाने चुचकारलं, झापडही पुन्हा बांधून पाहिली, पण गडी जागचा हलेना. सारखा मान वळवून माझ्या दिशेने नाक फेंदारत होता. आता हा बाजारात जाणार, या भीतीने मी गळाठून गेलो.

"त्येला तेलाचा वास पायजे," अंजना म्हणाली. "त्याबिगर त्यो फिरायचा न्हाई."

अर्जुना आत आला. त्याने मला हात जोडले आणि माझी लाट उपसून काढली. दुखलं का? दुखलं. पण कोंडीबाच्या खांबाच्या जागी माझी तेलाने काळी पडलेली लाट रोवली गेली. हौश्याने ती हुंगली, एकदा चाटली आणि चालू लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला. दाणे मोकळे होऊ लागले. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला!

आता मळणीच्या दिवसांत सगळी वाडी हौश्याला बोलावते आणि त्याच्या वर्षाच्या वैरणीची सोय लावते. मळणीचं यंत्रही येणार म्हणतात. खुशाल येऊ दे. "ह्यो बैल आता दावणीलाच म्हातारा हुईल," असं कोंडीबा चारचौघांत बोलून गेला आहे.

नवं हवंसं वाटण्यात तुमचा काही दोष नाही, मित्रांनो. स्वच्छ तेल खा, सुखाने जेवा. माझ्यासारख्याला मोडीत काढायचं तर तेही काढा. फक्त त्याआधी, त्याच्याभोवती इतकी वर्षं कोण फिरत होतं, तेवढं एकदा बघून घ्या.